फ्लॅटहेड इंजिनाचा प्लग : क्रमांकाआधी आट्यांची लांबी पाहावी

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या मोटारींच्या देखभालीवर आलेला लेख मी दोनदा वाचला. कार्ब्युरेटर आणि पाण्याचा पंप यांविषयी त्यात जे लिहिले आहे ते मला पटले आणि अशा विषयाला आपण जागा देता याचे समाधानही वाटले. परंतु स्पार्क प्लगविषयीच्या परिच्छेदात ‘१४ मिलिमीटर आट्यांचा, चांगल्या कंपनीचा कोणताही प्लग चालतो’ असे एक वाक्य आहे आणि त्याखाली जुना क्रमांक व आजचा पर्यायी क्रमांक असा दोन रकान्यांचा तक्ता दिला आहे. त्या वाक्यावर विसंबून कोणी आपल्या फ्लॅटहेड इंजिनात प्लग बसवला, तर हेडचे आटे जाण्याची आणि एखादे वेळी व्हॉल्व्ह वाकण्याचीही पाळी येऊ शकते. म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे.

फ्लॅटहेड, म्हणजे साइड व्हॉल्व्ह इंजिनात, व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या शेजारी उभे असतात आणि वर उचलले जातात. हेड म्हणजे आतून खोलगट केलेले एक झाकण. त्यामुळे ज्वलनकक्ष पिस्टनच्या माथ्यावरून बाजूला, व्हॉल्व्हच्या डोक्यांपर्यंत पसरलेला आणि उंचीने कमी असतो. प्लग याच उथळ जागेत, बहुधा व्हॉल्व्हच्या वर किंवा व्हॉल्व्ह आणि बोअर (सिलिंडरची पोकळी) यांच्या मधल्या भागात उतरतो. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात हॅरी रिकार्डो या इंग्रज अभियंत्याने पिस्टनवरची पोकळी जवळजवळ मिटवून मिश्रण व्हॉल्व्हच्या बाजूला जोराने ढकलले जाईल अशा घाटाचे हेड तयार केले, आणि त्यानंतर फ्लॅटहेडची कार्यक्षमता सुधारली. पण कक्ष उथळ तो उथळच राहिला. कॉम्प्रेशनही, म्हणजे मिश्रण किती पट दाबले जाते ते, कमीच : फोर्डच्या मॉडेल ए गाडीत ते ४.२२ होते, तर दुसऱ्या महायुद्धातील जीपच्या इंजिनात ६.४८. प्लगची निवड ठरते ती या दोन गोष्टींवर, उथळ कक्षावर आणि कमी कॉम्प्रेशनवर.

पहिला प्रश्न आट्यांच्या जाडीचा, आणि तो बहुधा चुकत नाही, कारण चुकीच्या जाडीचा प्लग भोकात बसतच नाही. मॉडेल टी गाडीला अर्धा इंची पाइपचे, म्हणजे निमुळते होत जाणारे आटे होते. मॉडेल एला सात-अष्टमांश इंचाचे, इंचाला १८ आटे असलेले सरळ प्लग लागतात. फोर्डचे व्ही-८ फ्लॅटहेड १९३२ साली आले तेव्हा त्याला १८ मिलिमीटरचे प्लग होते, पुढे १९३८ मध्ये चोवीस बोल्टांच्या हेडबरोबर १४ मिलिमीटरचे प्लग आले. म्हणजे एकाच घराण्यातील दोन इंजिने बाहेरून सारखी दिसली तरी प्लग वेगळा असू शकतो. शिवाय इतक्या वर्षांत कोणी हेड बदलले असेल, कोणी फुटलेल्या आट्यांत बूच बसवून जाडी कमी केली असेल, तर गाडीच्या वर्षावरून काढलेला निष्कर्ष व्यर्थ ठरतो. हेडमधून निघालेला प्लग हातात घेऊन मापणे हीच खात्रीची रीत आहे, आणि तो प्लगही आधीच्या मालकाने चुकीचा लावलेला नाही ना, हे भोकाची खोली मापून पडताळले पाहिजे.

खरा घोटाळा होतो तो आट्यांच्या लांबीत. १४ मिलिमीटरच्या प्लगांचा आटा सर्वत्र १.२५ मिलिमीटर अंतराचा असतो, परंतु आटे असलेल्या भागाची लांबी ९.५, ११.१, १२.७ आणि १९ मिलिमीटर अशी निरनिराळी असते. हे चारही प्लग एकाच भोकात तितक्याच सहजतेने फिरत आत जातात. हाताला काहीही वेगळे जाणवत नाही, आणि दोन रकान्यांच्या तक्त्यातही ते दिसत नाही. जीपच्या चार सिलिंडरांच्या इंजिनाला मुळात चॅम्पियन कंपनीचा जे-८ लावीत, ज्याची लांबी ९.५ मिलिमीटर आहे. नंतरच्या फोर्ड व्ही-८ ला एच-१० हा ११.१ मिलिमीटरचा प्लग होता. चॅम्पियनच्या जुन्या पद्धतीत जे, एच, एल आणि एन ही अक्षरे म्हणजे १४ मिलिमीटर जाडीच्याच चार लांब्या होत, अनुक्रमे तीन-अष्टमांश, सात-षोडशांश, अर्धा आणि पाऊण इंच. हे एवढे पाठ असले तरी निम्म्या चुका टळतील.

मी स्वतः या चुकीची किंमत मोजली आहे. माझ्याकडील १९४० च्या दशकातील जीपच्या इंजिनाला एका विक्रेत्याने ‘हाच आता चालतो’ असे सांगून १२.७ मिलिमीटर लांबीचे चार प्लग दिले. मीही न मापता बसवले. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झाले, उत्तम चालले आणि मी निर्धास्त झालो. प्लगचे सुमारे तीन मिलिमीटर आटे कक्षात उघडे पडले होते आणि त्या उघड्या आट्यांच्या खाचांत काजळी साचून दगडासारखी घट्ट होत होती. वर्षभराने प्लग काढायला गेलो तेव्हा तिसऱ्या सिलिंडरचा प्लग अर्धा फिरून अडला. मी जोर लावला आणि त्या काजळीने हेडमधले आटे खरवडून बाहेर आणले. हेड उतरवून नवीन आट्यांचे पोलादी स्प्रिंग बसवावे लागले, हेड गॅस्केट नवे घालावे लागले, आणि हे सारे केवळ तीन मिलिमीटरांपायी. प्लग १९ मिलिमीटरचा असता तर त्याचे टोक वर येणाऱ्या व्हॉल्व्हच्या वाटेतच गेले असते. हेडमध्ये व्हॉल्व्ह असलेल्या इंजिनांची सवय झालेल्या कारागिराच्या हे चटकन लक्षात येत नाही, कारण तिथे प्लगकडे काही चालून येत असेल तर तो पिस्टन असतो. फ्लॅटहेडमध्ये व्हॉल्व्हच खालून प्लगकडे येतो.

उलट चूक, म्हणजे आखूड प्लग लावणे, तेवढी घातक नाही, पण तीही चूकच. मग ठिणगी भोकाच्या आत, विहिरीच्या तळाशी पडावी तशी पडते. ताजे मिश्रण तिथपर्यंत नीट पोहोचत नाही, इंजिन मंद गतीवर मिस मारते, आणि हेडचे रिकामे राहिलेले आटे काजळीने भरतात. पुढे कधी योग्य लांबीचा प्लग लावायचा म्हटला की तो शेवटच्या दोन आट्यांवर अडतो. असे झाले तर जोर न लावता आधी त्या मापाच्या टॅपने (आटे पाडण्याच्या हत्याराने), त्याच्या खाचांत ग्रीस भरून, आटे हलक्या हाताने साफ करावेत.

लांबीशीच जोडलेली दुसरी बाब म्हणजे टोक पुढे आलेले प्लग. आजच्या बऱ्याच प्लगांत इन्सुलेटरचे (मधल्या पांढऱ्या चिनी मातीच्या भागाचे) नाक आणि मधला इलेक्ट्रोड आट्यांच्या कडेपुढे दीड ते तीन मिलिमीटर बाहेर आलेला असतो. चॅम्पियनच्या क्रमांकात शेवटी येणारा वाय आणि एनजीके कंपनीच्या क्रमांकातला पी ही त्याची खूण. अशा नाकाला येणाऱ्या थंड मिश्रणाचा वारा लागतो आणि मंद गतीवर ते लवकर तापून स्वच्छ राहते, त्यामुळे तत्त्वतः फ्लॅटहेडला ते उपकारकच आहे, आणि काही जण मॉडेल एला असे प्लग लावून समाधानी आहेत हे मला ठाऊक आहे. माझे म्हणणे इतकेच की आधी जागा तपासावी. हेड उतरवलेले असेल तर व्हॉल्व्हच्या डोक्यावर मऊ मातीचा गोळा ठेवून, जुने गॅस्केट घालून हेड बसवावे आणि इंजिन हँडलने दोन पूर्ण फेरे फिरवून मातीवर उठलेला ठसा मापावा. हेड उतरवायचे नसेल तर पुढे आलेल्या टोकाचा मोह सोडून द्यावा.

आता उष्णतेचा दर्जा. आपल्या लेखात ‘गरम प्लग जोरदार ठिणगी देतो’ असे आले आहे. ते बरोबर नाही. गरम आणि थंड या शब्दांचा ठिणगीशी काही संबंध नाही. इन्सुलेटरच्या नाकात साठलेली उष्णता किती लवकर बाहेर पडते, एवढेच ते शब्द सांगतात. नाक लांब आणि निमुळते असेल तर उष्णतेला प्लगच्या अंगापर्यंत आणि तिथून हेडपर्यंत जायला लांबचा रस्ता पडतो, नाक तापलेले राहते, तो गरम प्लग. नाक आखूड आणि जाड असेल तर उष्णता झटकन निघून जाते, तो थंड प्लग. टोकाचे तापमान साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या वर राहिले तर त्यावरची काजळी जळून जाते आणि ८५० अंशांच्या पुढे गेले तर ठिणगी पडण्याआधीच तापलेले टोक मिश्रण पेटवू लागते. या दोन सीमांच्या मध्ये टोक ठेवणे हेच निवड करणाऱ्याचे काम आहे.

कमी कॉम्प्रेशनचे, संथ फिरणारे इंजिन प्लगला थोडीच उष्णता देते. त्यातून आज या गाड्या क्वचित निघतात, थोडे अंतर जातात, चोक ओढून गरम केल्या जातात आणि पुन्हा उभ्या राहतात. मूळ पुस्तिकेत लिहिलेला दर्जा त्या काळच्या मालकासाठी होता, जो गाडी रोज आणि लांबवर, कधी ओझे घेऊन चालवीत असे. म्हणून जुन्या फ्लॅटहेडला पुस्तिकेपेक्षा एक पायरी गरम प्लग लावण्याचा सल्ला पुष्कळदा योग्य ठरतो. पण तो सरसकट देऊ नये. ज्याने कॉम्प्रेशन वाढवणारे अॅल्युमिनियमचे हेड बसवले आहे, किंवा जो घाटातून लांबचे प्रवास करतो, त्याला तोच सल्ला पिस्टन जाळणारा ठरू शकतो. फोर्ड व्ही-८ मध्ये तर प्रत्येक बाजूच्या मधल्या दोन सिलिंडरांचा धूर ब्लॉकमधून एकाच मार्गाने बाहेर जातो आणि ब्लॉकचा तो भाग अधिक तापतो. तिथे आठही प्लग निरखून, सर्वांत तापणाऱ्या सिलिंडरला सोसेल असा दर्जा घेतला पाहिजे.

दर्जाचे आकडे वाचताना मात्र फार सावध राहावे लागते. चॅम्पियनच्या पद्धतीत आकडा वाढला की प्लग गरम : जे-८ पेक्षा जे-१२ गरम. एनजीकेच्या पद्धतीत आकडा वाढला की प्लग थंड : बी-४ पेक्षा बी-६ थंड. डेन्सोचेही तसेच. बॉशने तर आपली पद्धत मध्येच उलटवली. जुन्या क्रमांकांत डब्ल्यू-१४५ गरम आणि डब्ल्यू-२२५ थंड होता, नव्या क्रमांकांत डब्ल्यू-५ थंड आणि डब्ल्यू-८ गरम आहे. जुन्या पुस्तिकेतला बॉशचा आकडा आणि नव्या खोक्यावरचा आकडा शेजारी ठेवून ‘मोठा आकडा म्हणजे गरम’ असे धरणाऱ्याची दिशाच चुकते. त्यात चॅम्पियनच्या आकड्यांतही मोटारींचे प्लग १ ते २५ मध्ये येतात, तर ५१ ते ७५ हे आकडे शर्यतीच्या इंजिनांचे आहेत. म्हणून पर्यायी क्रमांकांचा तक्ता पाहायचा तर त्यात जाडी, लांबी, बैठक (वॉशरची की निमुळती), नाक आणि दर्जा हे पाच रकाने हवेत. एनजीकेचा बी६एल हा क्रमांक उदाहरणादाखल घ्यावा. बी म्हणजे १४ मिलिमीटर, ६ म्हणजे दर्जा आणि एल म्हणजे ११.२ मिलिमीटर लांबी. त्याच घरातील बी६एस ९.५ मिलिमीटरचा, बी६एचएस १२.७ मिलिमीटरचा आणि बी६ईएस १९ मिलिमीटरचा. दुकानात ‘बी-सिक्स द्या’ म्हणणाऱ्याच्या हातात यातला कोणता पडेल हे त्याच्या नशिबावर राहते.

शेवटचा निर्णय इंजिनाने द्यायचा असतो आणि तो प्लगच्या नाकावर लिहिलेला असतो. तो वाचण्यासाठी गाडी नीट गरम होऊन काही किलोमीटर नेहमीच्या वेगाने चालली पाहिजे आणि मग इंजिन मंद गतीवर रेंगाळू न देता बंद करून प्लग काढले पाहिजेत. अंगणात पाच मिनिटे चालवून काढलेला प्लग काळाच दिसणार, आणि त्यावरून कोणी दर्जा बदलला तर ते चूक होईल. कोरडी, मखमली काजळी दिसली तर आधी कार्ब्युरेटर आणि चोक पाहावा. ओली, चकाकणारी काळी चिकटण दिसली तर ते ऑइल आहे, रिंगा किंवा व्हॉल्व्हचे गाइड झिजले आहेत, आणि गरम प्लग हा त्यावरचा तात्पुरता उपाय आहे. माझ्या इंजिनाला बोअर करण्याआधी दोन पायऱ्या गरम प्लग लागत, नव्या रिंगांनंतर ते पांढरेफटक पडू लागले आणि मी पुन्हा मूळ दर्जावर आलो. नाक पांढरे आणि फोड आल्यासारखे, किंवा त्यावर धातूचे बारीक चमकते कण, ही धोक्याची खूण आहे. तिथे प्लग बदलण्याबरोबरच टायमिंग, पाण्याचा प्रवाह आणि मिश्रणाचा सडसडीतपणा (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडणे) तपासणे आवश्यक आहे.

जुन्या पुस्तकांत ‘तांबूस तपकिरी रंग म्हणजे सर्व ठीक’ असे असते. तो रंग पुष्कळसा त्या काळच्या शिसे मिसळलेल्या पेट्रोलचा होता. आजच्या शिसेविरहित पेट्रोलवर निरोगी प्लगही बराच फिकट दिसतो, त्यामुळे फिकटपणा पाहून घाबरून थंड प्लग लावू नये. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये प्राणवायू आधीच असतो, म्हणून कार्ब्युरेटरच्या त्याच जेटवर (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रावर) मिश्रण थोडे सडसडीत होते. शुद्ध पेट्रोलला पूर्ण ज्वलनासाठी सुमारे १४.७ पट हवा लागते, तर इथेनॉलला ९ पटच. त्याची भरपाई जेट बदलून करावी, ती प्लगच्या दर्जातून होत नाही.

रेझिस्टर असलेल्या प्लगांविषयी अनेकांच्या मनात भीती आहे की सहा व्होल्टची कॉइल किंवा जुना मॅग्नेटो त्यांना ठिणगी देऊ शकणार नाही. हा रोध साधारण ५००० ओहमचा असतो. ठिणगी पडण्यापूर्वी वाहणारा प्रवाह इतका अल्प असतो की एवढ्या रोधाने दाब जवळजवळ घटत नाही, म्हणून रेझिस्टरचा प्लगच मिळत असेल तर तो नाकारण्याचे कारण नाही. मात्र रेझिस्टरचा प्लग, त्यावर रेझिस्टरची टोपी आणि कार्बनची वायर असे तिन्ही एकत्र करू नये. तांब्याची वायर ठेवावी. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलेल्या गाडीत तर रेझिस्टर हवाच. गॅपविषयी, म्हणजे ठिणगी ज्या फटीत पडते तिच्याविषयी, मी मूळ पुस्तिकेचेच ऐकतो : जीपला ०.०३० इंच, मॉडेल एला ०.०३५ इंच. गॅप वाढवला तर जुन्या कॉइलवर ताण येतो आणि चढावर इंजिन मिस मारू लागते. इरिडियमचे महागडे प्लग बारीक टोकामुळे कमी दाबावर ठिणगी देतात हे खरे आहे, पण ऑइल खाणाऱ्या इंजिनात तेही इतरांइतकेच लवकर माखतात आणि त्यांचा गॅप हाताने बदलताना टोक मोडते. साध्या निकेलच्या प्लगला मी पहिली पसंती देतो.

जुन्या साठ्यातील न वापरलेल्या प्लगांविषयीही दोन शब्द. ते खोक्यासह दिसले की मन ओढ घेते आणि प्रदर्शनातील गाडीवर ते शोभतातही. परंतु त्यांचे वॉशर कडक झालेले असते, इन्सुलेटरला केसासारखी तडा असू शकते, आणि ती तडा दाबाखाली ठिणगी पडेपर्यंत कळत नाही. वापरलेले जुने प्लग वाळूच्या फवाऱ्याने साफ करून देणारेही भेटतात. नाकाच्या आतल्या पोकळीत अडकलेला वाळूचा एक कणही सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडा काढतो, म्हणून असे प्लग मी इंजिनात घालत नाही. मॉडेल एसारख्या गाडीत वायरऐवजी पितळी पट्टी थेट प्लगच्या माथ्यावरच्या नटाखाली बसते, तेव्हा माथा पक्का घट्ट केलेला नवा प्लग मापाने अचूक असूनही निरुपयोगी ठरतो, हेही खरेदीआधी पाहून घ्यावे.

प्लग बसवताना इंजिन गार असावे आणि प्लग शेवटपर्यंत बोटांनीच फिरवावा. वॉशर टेकल्यावर नव्या प्लगला पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा पुरतो, पूर्वी वापरलेल्या वॉशरला त्याहून बराच कमी. बिडाच्या हेडमध्ये १४ मिलिमीटरच्या प्लगला २५ ते ३५ न्यूटन मीटर एवढा आवळ योग्य आहे. आट्यांना वंगण लावले असेल तर तो सुमारे एक-तृतीयांशाने कमी करावा, कारण ओल्या आट्यांवर तोच आकडा प्लगला प्रत्यक्षात पुष्कळ जास्त ताणतो.

आपल्या पुरवणीचा तो तक्ता अनेकांनी कापून ठेवला असेल, मीही ठेवला आहे. त्यातील दुसऱ्या आणि चौथ्या ओळीत जे पर्यायी क्रमांक छापले आहेत ते मूळ प्लगपेक्षा लांब आट्यांचे आहेत. पुढील अंकात निदान या दोन ओळींची दुरुस्ती, आणि शक्य असल्यास आट्यांच्या लांबीचा रकाना घालून संपूर्ण तक्ता, आपण पुन्हा छापावा ही नम्र विनंती.

आपला,
एक नियमित वाचक